बाकापासून बोधिवृक्षापर्यंत : बाबासाहेबांचं चरित्र, बागांच्या वाटेने



१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. जन्म महूचा, वडील रामजी, आई भीमाबाई, परदेशी शिक्षण, राज्यघटना आणि शेवटी आपल्या नागपूरची दीक्षाभूमी. मुलं हे सगळं घडाघडा म्हणतात, टाळ्या होतात. पण खाली उतरल्यावर एखाद्याला विचारून बघा की बाबासाहेबांना काय आवडायचं? बहुतेक मुलं गप्प बसतात. पुस्तकं, एवढं एक उत्तर येतं.

पुस्तकं तर आवडायचीच. पण त्यांना बाग आणि फुलझाडंही आवडायची. त्यांच्या आयुष्यातले काही फार मोठे प्रसंग बागेतच घडले आहेत. म्हणून या पाठात आपण त्यांचं चरित्र बागांच्या वाटेने सांगू या. मुलांना बाग माहीत असते, बाक माहीत असतो. तिथून सुरुवात केली की गोष्ट त्यांना आपली वाटते.

पहिली बाग : चर्नी रोड, मुंबई

भीमरावांचा जन्म १८९१ चा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचं. तो जागेवर नसला की दिवसभर तहानलेलं राहायचं. हा प्रसंग वर्गात सांगताना थोडं थांबा. आपल्या मुलांना पाण्याची बाटली जवळ असण्याची सवय आहे. एका लहान मुलाला शाळेत पाणी मिळत नाही म्हणजे काय, हे त्यांना लगेच उमगत नाही.

पुढे रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, अभ्यासही तिथेच. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी आणि नावाजलेलं, पण तिथेही शिवाशिव सुटली नव्हती. एकदा गणित सोडवायला भीमरावाला फळ्याकडे बोलावलं, तर मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे घाईघाईने उचलून घेतले.

असा हा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. घरात नसलेल्या दोन गोष्टी त्याला तिथे मिळत होत्या : जागा आणि शांतता. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि चांगले लेखकही होते. हा मुलगा रोज येतो आणि वाचत बसतो, हे त्यांनी पाहिलं. मग एक दिवस त्यांनी आपण होऊन त्याची चौकशी केली. तेव्हापासून केळुसकर गुरुजी त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले.

शिक्षक मित्रांनो, इथे आपल्यासाठी मोठा धडा आहे. भीमराव केळुसकरांच्या वर्गातला नव्हता. त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्याच्यासाठी काही करण्याची त्यांच्यावर जबाबदारी नव्हती. तरीही त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. त्या काळात अस्पृश्य समाजातल्या मुलासाठी हे एवढं मोठं यश होतं की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं मराठी चरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यामागेही केळुसकरांचा शब्द होता. बागेतल्या एका ओळखीतून इतकं झालं. सभेचे अध्यक्ष बोले आणि भेट मिळालेलं बुद्धचरित्र, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही पुढे परत येणार आहेत.

दुसरी बाग : कामाठी बाग, बडोदा

दुसरा प्रसंग १९१७ चा. भीमराव आता डॉक्टर होण्याच्या वाटेवरचे विद्वान होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचं शिक्षण झालं होतं, लंडनमध्ये सुरू होतं. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानात नोकरीला आले. नोकरी मोठी होती, पण गावात राहायला जागा कोणी देईना. शेवटी ते एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले. थोड्याच दिवसांत हे बाहेर फुटलं. हातात काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असं बजावून गेली.

ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. मग मुंबईला परत जायचं ठरलं. गाडी रात्री ९ ची होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते कामाठी बागेत जाऊन बसले. हीच आजची सयाजीबाग. विषण्ण मनाने बसलेले असताना आपल्याला आईवडिलांची आठवण झाली, असं त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तेव्हा आई जाऊन वीसेक वर्षं झाली होती आणि वडील १९१३ मध्येच गेले होते. रात्री ८ च्या सुमाराला ते बागेतून उठले, सामान घेतलं आणि स्टेशनवर गेले.

विचार करा. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या शिकलेल्या माणसाला बसायला एक सार्वजनिक बाग तेवढी उरली होती. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. आपल्या समाजाची ही स्थिती बदलायचीच, हा निश्चय त्यांनी तिथे केला असं लोक मानतात.

सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

या दोन बागा मनात ठेवून पुढचं चरित्र वाचलं की एक धागा स्पष्ट दिसतो. सार्वजनिक हा शब्द बाबासाहेबांसाठी कागदावरचा नव्हता.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मांडणारे होते बोले, म्हणजे मॅट्रिकच्या सत्काराच्या सभेचे तेच अध्यक्ष. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं, पण प्रत्यक्षात तिथे कोणी पाणी भरू देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. शाळेत नळाला हात लावू न दिलेला मुलगा तो हाच. त्यानंतर या तळ्यासाठी दहा वर्षं कोर्टात झगडावं लागलं. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मग राज्यघटना आली. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेतलं कलम १५ आपण शिक्षक परीक्षेसाठी पाठ करतो, पण त्यातला दुसरा भाग एकदा सावकाश वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं तिथे सांगितलं आहे. राबता म्हणजे लोकांचं येणं-जाणं. सरकारी खर्चाने राखलेली बागही त्यात आली. आपण रविवारी मुलांना घेऊन महाराजबागेत किंवा अंबाझरीच्या उद्यानात जातो, हिरवळीवर सतरंजी टाकतो, डबा उघडतो, तेव्हा दारावर कोणी काही विचारत नाही. ही साधी वाटणारी गोष्ट घटनेत लिहिलेली आहे आणि ती लिहून मिळण्यासाठी फार माणसं झगडली आहेत.

स्वतःची बाग

आता मुलांना आवडेल असा भाग. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि दिल्लीत पृथ्वीराज रोडवरच्या २२ नंबरच्या बंगल्यात राहायला गेले. एका खोलीत वाढलेल्या माणसाला आता अंगण मिळालं होतं. तिथे त्यांनी हौसेने बाग फुलवली. कामगारांचे कायदे, रात्री उशिरापर्यंत वाचन, दिवसभर भेटायला येणारे लोक, या सगळ्या धबडग्यात त्यांनी फुलझाडांची आवड जपली. उतारवयात ते व्हायोलिनही शिकू लागले होते. चित्रात आपण त्यांना नेहमी निळ्या कोटात, हातात घटना घेतलेलं पाहतो. हौसेने बाग राखणारे बाबासाहेबही मुलांना दाखवायला हवेत.

घरातली ही आवड ते शाळा-कॉलेजांतही घेऊन गेले. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. त्या परिसराला बाबासाहेबांनी नाव दिलं नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा त्याला उत्तरं देणारा बौद्ध भिक्खू. नावातला शेवटचा शब्द मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा : वन. मराठवाड्याच्या कोरड्या भूमीवर शिक्षणसंस्था उभी करताना इमारतींच्या बरोबरीने झाडंही वाढावीत, हा त्यांचा आग्रह होता.

शेवटचं झाड : नागपूर

केळुसकर गुरुजींनी दिलेलं बुद्धचरित्र आठवतं ना? आता ते परत येतं. बुद्धांचं सगळं आयुष्यच झाडांच्या सावलीत गेलेलं. जन्म लुंबिनीच्या वनात, ज्ञानप्राप्ती पिंपळाखाली, पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात आणि महापरिनिर्वाण जोड सालवृक्षांमध्ये. बागेतल्या ओळखीतून हातात आलेल्या त्या पुस्तकापासून सुरू झालेला शोध ४९ वर्षांनी आपल्या नागपुरात पूर्ण झाला. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीचा दिवस. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, ते गेले.

आज तिथे स्तूप आहे आणि आवारात बोधिवृक्ष आहे. श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची रोपं भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली, त्यांतून तो वाढला. दीक्षाभूमीला मुलांना घेऊन जाल तेव्हा स्तूप बघून लगेच परत फिरू नका. त्या पिंपळाखाली पाच मिनिटं बसवा. चर्नी रोडच्या बागेची गोष्ट तिथे सांगा. मुलं ती विसरणार नाहीत.

वर्गात आणि घरी

हा पाठ झाल्यावर करून बघण्यासारख्या तीन गोष्टी सुचवते.

१) बागेची सहल काढाल तेव्हा प्रत्येकाने एक पुस्तक सोबत न्यावं. खेळून झालं की अर्धा तास झाडाखाली बसून वाचायचं. भोसलेकालीन महाराजबाग त्यासाठी छान आहे. तिची देखभाल आता कृषी महाविद्यालय करतं, त्यामुळे झाडांची नावं विचारायलाही तिथे वाव आहे.

२) शाळेच्या परसबागेत कामाची पाळी लावा आणि ती खरोखर फिरती ठेवा. झाडू कुणाच्या हातात जातो, पाण्याची झारी कुणाच्या हातात जाते आणि पाहुण्यांना फूल द्यायला कोण पुढे येतं, हे एक महिना लिहून ठेवा. तीच तीच नावं त्याच त्याच कामाला येत असतील, तर कलम १५ आपल्या वर्गात पोचायचं आहे. यादी बदलणं आपल्याच हातात आहे.

३) पालकहो, घरी अंगण नसलं तरी गॅलरीत एक कुंडी बसते. मेथी पेरा. चार-पाच दिवसांत हिरवं दिसायला लागतं, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र कुंडी दुपारच्या उन्हातून आत घ्यावी लागते आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. ही जबाबदारी मुलावरच सोपवा, आपण फक्त नजर ठेवा.

आणि कधी संध्याकाळी बागेत फिरायला गेलात आणि एखाद्या बाकावर कुणी मूल एकटंच वाचत बसलेलं दिसलं, तर दोन शब्द बोला. काय वाचतो बाळा, एवढं विचारायला केळुसकर गुरुजींनाही फार वेळ लागला नसेल.