भंगारवाल्याचा समुद्र

चौदा एप्रिलच्या आधी रात्र रात्र जागून आपल्या वस्तीतले बॅनर, कमानी आणि भिंती रंगवणाऱ्या माणसाला आपण 'पेंटर' म्हणतो. 'चित्रकार' हा शब्द आपण दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवलेला असतो. जो कलाशाळेत शिकला, ज्याच्या चित्रांची प्रदर्शने भरतात, तो चित्रकार. उरलेले सगळे पेंटर. ही विभागणी फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या समुद्रकाठी एका म्हाताऱ्या भंगारवाल्याच्या बाबतीतही ती होती. त्यांचे नाव आल्फ्रेड वॉलिस. कलेच्या पुस्तकांत आज त्यांना मानाचे स्थान आहे, पण त्यांचे आयुष्य कष्टकरी माणसाच्या नजरेने क्वचितच सांगितले जाते. म्हणून ते आम्ही इथे मांडत आहोत.

वॉलिस यांचा जन्म 1855 साली डेव्हनपोर्ट या बंदरात झाला. घरची माणसे मूळची कॉर्नवॉलची, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला समुद्रात घुसलेल्या टोकावरची. आई लहानपणीच गेली. शाळा फारशी झाली नाही, अक्षरओळख तेवढी झाली. पुढे आयुष्यभर ते शब्द जसे बोलायचे तसेच लिहायचे. 'पोर्थमिओर' या समुद्रकिनाऱ्याचे नाव त्यांच्या लिखाणात 'पोर्ट मिअर' असे येते. आज संग्रहालयेही त्यांच्या चित्राचे नाव त्याच स्पेलिंगमध्ये छापतात. जिवंतपणी याच लिखाणामुळे त्यांना अडाणी ठरवणारे लोक होते, हे सांगून ठेवायला हवे.

तरुणपणी ते शिडाच्या जहाजावर खलाशी झाले. 1870 च्या दशकात अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत त्यांनी फेऱ्या केल्या. तिकडे कॉड माशाचा मोठा व्यापार होता आणि कॉर्नवॉलच्या छोट्या जहाजांना त्यात काम मिळे. उत्तर अटलांटिकमधले हे काम जिवावरचे. दोरखंडावर बर्फ धरते, लाट डेकवर येते, आणि चूक करणारा माणूस पाण्यात जातो. या प्रवासांनी त्यांना जे दिले ते पन्नास वर्षांनी पुठ्ठ्यावर उतरले.

1876 साली त्यांनी सुसान वॉर्ड यांच्याशी लग्न केले. वॉलिस विशीचे, सुसान चाळिशी ओलांडलेल्या, विधवा, पाच मुलांची आई. त्या काळच्या समाजात अशा लग्नाकडे लोकांनी कसे पाहिले असेल याची कल्पना करता येते. दोघांना मुले झाली ती तान्हेपणीच दगावली. लग्नानंतर वॉलिस लांबच्या सफरी सोडून मासेमारीत आले, आणि 1890 च्या सुमारास हे कुटुंब सेंट आइव्ह्ज या गावी स्थायिक झाले.

सेंट आइव्ह्ज म्हणजे कोळ्यांचे गाव. पिलचर्ड हे तिथले मुख्य पीक. आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तो धरायची तिथली पद्धत ऐकली तर कोकणातल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही. टेकडीवर उभा असलेला माणूस पाण्याचा रंग पाहून माशांचा थवा ओळखायचा, ओरडून आणि हातवारे करून खालच्या होड्यांना दिशा द्यायचा, आणि मग प्रचंड जाळ्याने थव्याला वेढा घातला जायचा. आपल्याकडची रापण आठवावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मासा कमी होत गेला आणि गावाचा कणा मोडू लागला.

त्याच वेळी गावात दुसरेच लोक येऊ लागले. 1877 साली रेल्वे आली आणि तिच्यामागून चित्रकार. मासेमारी बसली तशी शिडे ठेवायची माडीवरची कोठारे रिकामी पडली. ती चित्रकारांनी भाड्याने घेऊन स्टुडिओ केले. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या लहानपणीच्या सुट्ट्या याच गावात गेल्या आणि समोरच्या गॉड्रेव्ही दीपगृहाची आठवण पुढे त्यांच्या कादंबरीत गेली. ही मंडळी वाईट होती असे आम्हाला म्हणायचे नाही. पण त्यांच्यासाठी समुद्र हे दृश्य होते. गावासाठी ते कामाचे ठिकाण होते, आणि ते काम संपत चालले होते.

वॉलिस यांनी गावात भंगाराचा धंदा सुरू केला. जुने लोखंड, फाटकी शिडे, झिजलेले दोर, हाडे, चिंध्या विकत घ्यायच्या आणि पुढे विकायच्या. मरणाऱ्या गलबतांचे अवयव त्यांच्या हातून जात होते. कोणते जहाज मोडले, कोणते बुडाले, कोणाच्या होडीची डोलकाठी कधी विकली गेली, याची सगळी नोंद त्या माणसाच्या डोक्यात असणार. 1912 च्या सुमारास धंदा बंद झाला. त्यानंतर किरकोळ कामे. 1922 साली सुसान गेल्या.

आता वॉलिस सत्तरीला टेकले होते आणि घरात एकटे होते. सोबत म्हणून त्यांनी चित्रे काढायला घेतली. ही त्यांनी स्वतः सांगितलेली साधी गोष्ट आहे. कोणी गुरू नाही, संग्रहालय पाहिलेले नाही. साहित्य आणायला पैसे नव्हते आणि त्याची गरजही वाटली नाही. किराणा दुकानदाराकडून मिळणारे खोक्यांचे पुठ्ठे आणि होड्यांना लावायचा तैलरंग, एवढ्यावर काम चालले. पुठ्ठा जसा असेल तसा. एक कोपरा तुटलेला असेल तर तुटलेला; चित्र त्या आकाराला जुळवून घ्यायचे. कित्येकदा पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंगच न रंगवता सोडलेला असतो, आणि तोच ओली वाळू किंवा लाकूड होतो. रंग मोजके: काळा, पांढरा, करडा, गडद हिरवा, तपकिरी. जहाजावर याहून जास्त रंग नसतात.

चित्रांत असते काय? शिडांची जहाजे, दीपगृहे, पूल, बंदरातली घरे, बर्फाचे डोंगर, जाळी, मासे. कलाशाळेतला विद्यार्थी पहिल्या वर्षी जे शिकतो, म्हणजे लांबची वस्तू लहान आणि जवळची मोठी, ते इथे नाही. महत्त्वाची वस्तू मोठी आणि बिनमहत्त्वाची लहान. जहाज घरांपेक्षा मोठे. कधी मासा होडीएवढा. बंदर असे काढलेले की वरून पाहिल्यासारखेही वाटते आणि समोरून पाहिल्यासारखेही. समीक्षकांनी याला भाबडेपणा म्हटले, बालसुलभ म्हटले. आम्हाला हे शब्द पटत नाहीत. ज्याने शीड ओढले आहे तो दोर कुठून कुठे जातो ते चुकवत नाही. वारा कोणत्या बाजूचा आहे आणि त्यात जहाज कसे कलेल हे वॉलिस यांना ठाऊक होते. बंदरही ते आत शिरणाऱ्या माणसाला कळते तसे काढतात: खडक कुठे, धक्का कुठे, दिवा कुठे. हे अज्ञान नव्हे. हे वेगळ्या कामातून आलेले ज्ञान आहे, आणि ते कोणत्याही चित्रशाळेत शिकवले जात नव्हते.

शिवाय ते समोर दिसणारा समुद्र काढत नव्हते. 1920 च्या दशकात खिडकीबाहेर इंजिनाच्या बोटी होत्या आणि पर्यटक होते. वॉलिस काढत होते ते आधीचे, जे पुन्हा दिसणार नव्हते ते. आपल्या पिढीचे श्रम कोणीतरी नोंदवले पाहिजेत ही ओढ त्यामागे होती. त्यांच्या प्रेरणेविषयी इतके लिहिले गेले आहे, पण आमच्या मते ती एवढीच होती, आणि एवढी पुरेशी आहे.

रविवारी मात्र काम बंद. ते साल्व्हेशन आर्मी या गरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती संघटनेशी जोडलेले होते, बायबल वाचत, आणि रविवारी कुंचल्याला हात लावत नसत.

ऑगस्ट 1928 मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वूड हे दोन तरुण चित्रकार गावात आले होते. निकल्सन यांचे वडील स्वतः नामांकित चित्रकार. पोर्थमिओरहून परतताना एका उघड्या दारातून त्यांना आतल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रे दिसली. कलेच्या इतिहासात याला वॉलिस यांचा 'शोध' म्हणतात. या शब्दावर आपल्या वाचकांनी जरा थांबावे. वॉलिस तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ तिथेच, त्याच दारात चित्रे काढत बसले होते. सेंट आइव्ह्जमध्ये तेव्हा डझनांनी चित्रकार राहत होते. त्यांच्यापैकी किती जण त्या दारावरून रोज गेले असतील! भंगारवाल्याच्या घरात काही पाहण्यासारखे असेल असे कोणाला वाटले नाही.

निकल्सन आणि वूड यांना ते वाटले, हे त्यांचे मोठेपण मान्य करायलाच हवे. त्यांनी वॉलिस यांच्याकडून शिकूनही घेतले. वूड यांच्या शेवटच्या चित्रांतली जहाजे आणि बंदरे पाहिली तर ते लपत नाही. ते 1930 साली अवघ्या 29 व्या वर्षी गेले. निकल्सन यांना त्या पुठ्ठ्यांत वेगळीच गोष्ट दिसली: चित्र म्हणजे कशाची नक्कल नव्हे, चित्र ही स्वतः एक वस्तू आहे. ब्रिटिश आधुनिक कलेचा मोठा भाग पुढे याच विचारावर उभा राहिला.

लंडनच्या टेट संग्रहालयात काम करणारे जिम ईड हे वॉलिस यांचे मोठे ग्राहक झाले. वॉलिस चित्रांचा गठ्ठा कागदात बांधून टपालाने पाठवत, ईड त्यातली निवडून ठेवून घेत आणि बाकीची परत करत. एका चित्राला काही शिलिंग मिळत. केंब्रिजमधल्या ईड यांच्या घराचे पुढे संग्रहालय झाले, केटल्स यार्ड. तिथे आज वॉलिस यांची शंभराहून अधिक चित्रे आहेत. ईड यांनी फसवले असे कोणी म्हणू नये. त्या काळी ती विकत घेणारे फार थोडे होते. पण पैशाचा हिशोब पाहिला तर वॉलिस यांचे दिवस त्याने पालटले नाहीत, हेही खरे.

शेवटची वर्षे कठीण गेली. शेजारी चेष्टा करत. एकटेपणात त्यांना आवाज ऐकू येऊ लागले, कोणीतरी आपला छळ करते आहे असे वाटू लागले. 1941 साली त्यांना मॅड्रन येथील वर्कहाऊसमध्ये हलवण्यात आले. वर्कहाऊस म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याची सरकारी जागा. कागदोपत्री ते नाव 1930 सालीच रद्द झाले होते, पण लोकांच्या मनातली धास्ती आणि त्या जागेचा कलंक गेला नव्हता. ब्रिटनमधल्या गरिबाला आयुष्यभर दोन गोष्टींचे भय असे: वर्कहाऊसमध्ये मरण येणे आणि बेवारशांच्या खड्ड्यात पुरले जाणे. वॉलिस यांनी आपल्या अंत्यविधीसाठी पैसे साठवून ठेवले होते. मॅड्रनमध्ये मित्रांनी त्यांना वह्या आणि खडू पोचवले. तिथेही ते जहाजे काढत राहिले. 29 ऑगस्ट 1942 रोजी त्यांचा मृत्यू झाला. बेवारस दफनाची वेळ आलीच होती, पण गावातले कलावंत मध्ये पडले आणि बार्नून दफनभूमीत त्यांना स्वतंत्र जागा मिळाली.

त्यांच्या कबरीचे काम बर्नार्ड लीच यांनी केले, आणि इथे या कथेला बौद्ध विचाराचा एक धागा येऊन मिळतो. लीच हे कुंभार. तरुणपणी जपानमध्ये राहून ते मातीकाम शिकले आणि 1920 साली शोजी हमादा या जपानी कुंभारासह सेंट आइव्ह्जला येऊन त्यांनी भट्टी उभारली. त्यांचे जिवलग मित्र सोएत्सु यानागी. रोजच्या वापराच्या, गरीब कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंत सर्वोच्च सौंदर्य असते, असे यानागी मांडत. त्यामागे बौद्ध विचार होता: घडवणाऱ्याचा 'मी' जिथे गळून पडतो तिथे वस्तू सुंदर होते. वॉलिस यांच्या पुठ्ठ्यांना हे वर्णन चपखल बसते.

तरीही आमचे यावर थोडे वेगळे मत आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे लेख सापडतात. ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. अनामिक राहणे भिक्खूने स्वीकारले तर तो त्याचा मार्ग. कष्टकऱ्याचे नाव मात्र बहुतेक वेळा त्याला न विचारताच गळून पडलेले असते. वॉलिस यांनी आपल्या पुष्कळ चित्रांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली आहे. त्यांना आपले नाव हवे होते.

लीच यांनी भाजलेल्या मातीच्या फरशा बनवून त्या कबरीवर बसवल्या. त्यांवर एक प्रचंड दीपगृह आहे आणि त्याच्या पायथ्याच्या दाराशी काठी टेकत आत निघालेला एक छोटा माणूस. आकारांचे प्रमाण वॉलिस यांच्याच पद्धतीचे. दफनभूमीच्या खाली पोर्थमिओरचा किनारा दिसतो, आणि किनाऱ्यालगत 1993 साली उघडलेले टेट संग्रहालयाचे सेंट आइव्ह्जमधले दालन. फरशांवर वॉलिस यांचे नाव आहे आणि त्यांची ओळख दोन शब्दांत दिलेली आहे: कलावंत आणि दर्यावर्दी. सुमारे वीस वर्षे केलेल्या भंगाराच्या धंद्याचा उल्लेख त्यावर नाही.