सर दोराबजी टाटा व अनवाणी धावणारे शेतकरी

खोपोलीहून घाटाकडे दृष्टी टाकली असता डोंगराच्या उतारावरून खाली आलेले पाण्याचे प्रचंड नळ दिसतात. लोणावळ्याच्या बाजूस तलावांत साठविलेले पावसाचे पाणी या नळांतून सुमारे 1,700 फूट खाली येते, व त्याच्या जोराने यंत्रे फिरून वीज उत्पन्न होते. खालापूर तालुक्यातील हे वीजघर 1915 साली सुरू झाले; कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजघर 1922 साली सुरू झाले. ही दोन्ही कामे ज्यांच्या कारकिर्दीत सिद्धीस गेली, ते सर दोराबजी टाटा होत. पुष्कळ लोक त्यांस कारखानदार म्हणून ओळखतात. परंतु डोंगरावरून वाहून जाणाऱ्या पाण्यातील शक्तीप्रमाणेच खेड्यांतील गरीब शेतकऱ्यांच्या अनवाणी पायांतील शक्तीही त्यांनी ओळखली, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे. आज आमच्या दोन्ही तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणारे तरुण जागोजागी दिसतात. कोणी पोलीस भरतीकरिता, कोणी शर्यतीकरिता, कोणी केवळ शरीर सुदृढ राहावे म्हणून धावतो. अशा वेळी या गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उपयुक्त वाटते.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत एका पारशी घराण्यात झाला. जमशेटजी नसरवानजी टाटा हे त्यांचे वडील व हिराबाई या त्यांच्या मातोश्री. मुंबईत आरंभीचे शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांस इंग्लंडास पाठविले, व 1877 साली ते केंब्रिज येथील एका कॉलेजात दाखल झाले. तेथे अभ्यासाबरोबरच क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळविले. घोड्यावर बसणे, नाव वल्हविणे, टेनिस खेळणे व धावणे यांचीही त्यांस आवड होती. मैदानावर मनुष्य आज्ञापालन शिकतो, हार सोसण्यास शिकतो व आपल्या सोबत्यांकरिता कष्ट करण्यास शिकतो, ही गोष्ट त्यांच्या मनावर तेथे जी ठसली ती जन्मभर राहिली. दोन वर्षांनी स्वदेशी परत येऊन 1882 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून पदवी घेतली. काही काळ वर्तमानपत्रात काम करून नंतर ते वडिलांच्या व्यापारात शिरले.

1904 साली जमशेटजी परलोकवासी झाले. लोखंडाचा कारखाना, पाण्यापासून वीज व शास्त्रीय शिक्षणाची मोठी संस्था, असे त्यांचे तीन संकल्प अपुरे राहिले होते. पित्याने आखलेले काम पुत्राने तडीस न्यावे, हे बोलण्यास सोपे व करण्यास कठीण. दोराबजींनी ते केले. 1907 साली लोखंड व पोलादाची कंपनी स्थापन झाली व 1912 साली तेथे पोलाद निघू लागले. बंगळूरची विज्ञान संस्था उभी राहिली. आणि 1911 साली लोणावळ्यास धरणाच्या कामाचा पाया घातला गेला. 1910 साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली होती. असो. या कामांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही धावण्याच्या गोष्टीकडे वळतो.

पुण्यातील डेक्कन जिमखाना या 1906 साली स्थापन झालेल्या संस्थेचे दोराबजी अध्यक्ष होते. 1919 साली तेथील सामने पाहत असता एका गोष्टीने त्यांचे लक्ष वेधले. लांब पल्ल्याच्या शर्यती तेथे फार लोकप्रिय होत्या, व त्यांत धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतात राबणारे, साध्या अन्नावर राहणारे हे तरुण पंचवीस मैलांचे अंतर अनवाणी धावत. त्यांस कोणी शिकविले नव्हते. पाश्चात्त्य पद्धतीच्या नियमांची माहिती त्यांस नव्हती, व सामने भरविणाऱ्यांसही ती बेताचीच होती. दुसऱ्या एखाद्याने त्यांचे कौतुक करून टाळी वाजविली असती व तो घरी गेला असता. परंतु दोराबजींनी त्यांस लागलेला वेळ पाहिला व युरोपातील धावणाऱ्यांच्या वेळेशी त्याची तुलना केली. तेव्हा त्यांस असे दिसून आले की या अशिक्षित पायांनी घेतलेला वेळ युरोपातील धावणाऱ्यांच्या वेळेपुढे लाजण्याजोगा नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केवळ डोळ्यांनी पाहून कोण किती वेगाने धावतो हे कळत नाही. मोजलेले अंतर व घड्याळ ही दोन्ही पाहिजेत. त्या काळी या बाबतीत आपल्याकडे केवढे अज्ञान होते याची एक गोष्ट सांगतात. शंभर मीटर धावण्यास किती वेळ लागला म्हणजे ऑलिंपिकास योग्य समजावे, असे विचारता निवड करणाऱ्यांपैकी एका प्रमुख गृहस्थाने एक-दोन मिनिटे असे उत्तर दिले. हा हिशेब मिनिटांचा नसून दहा-अकरा सेकंदांचा आहे, हे ऐकून तो थक्क झाला. गुण होता, परंतु त्यास मोजण्याचे माप नव्हते व वळण लावणारा हात नव्हता.

दोराबजींनी हे मनावर घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने त्यांनी 1920 च्या ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानास प्रवेश मिळविला. हे सामने बेल्जममधील अँटवर्प शहरी भरावयाचे होते. पुण्यात चाचणी घेऊन खेळाडू निवडण्यात आले. खर्चाकरिता सरकारने काही रक्कम दिली, परंतु मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. धावणारे चौघे होते: बेळगाव जिल्ह्यातील फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी व बंगालचे बॅनर्जी. त्यांच्याबरोबर नवले व शिंदे हे दोन मल्लही गेले. जूनमध्ये मुंबईहून निघून ही मंडळी प्रथम इंग्लंडात उतरली व तेथे काही आठवडे सराव करून मग अँटवर्पास गेली.

22 ऑगस्ट 1920 रोजी मॅरेथॉनची शर्यत झाली. अंतर 42 किलोमीटर 750 मीटर, म्हणजे सुमारे साडेसव्वीस मैल होते. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. परका देश, परके अन्न व पावसाचा दिवस. फिनलंडचे कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35 सेकंदांत पहिले आले. आपले दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुले मात्र शेवटपर्यंत धावले व 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. दर मैलास सुमारे साडेसहा मिनिटे, आणि असे सव्वीस मैल! ज्याच्या प्रांतात थोड्याच काळापूर्वी सेकंदांचा हिशेबही माहीत नव्हता, त्या प्रांतातील मनुष्याने जगातील निवडक धावणाऱ्यांत हे स्थान मिळविले. पदक मिळाले नाही. परंतु दोराबजींनी या फळास थोडे मानले नाही. एका वर्षाच्या कामाने एवढे झाले, तर व्यवस्थित शिक्षणाने किती होईल, असा त्यांनी विचार केला.

त्या शिक्षणाच्या कामी त्यांस ख्रिस्ती हातांचे साहाय्य झाले, ही गोष्ट आमच्या वाचकांस आनंददायक वाटेल. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय. एम. सी. ए., या संस्थेचे डॉक्टर नोरेन यांनी प्रांतोप्रांती सामने व समित्या उभारण्याकरिता श्रम केले. त्याच संस्थेचे हॅरी बक यांनी 1920 साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले होते. 1924 साली पॅरिसला गेलेल्या आपल्या खेळाडूंचे ते व्यवस्थापक झाले. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन झाला तेव्हा दोराबजी पहिले अध्यक्ष व नोरेन चिटणीस होते. पुढील वर्षी ॲम्स्टरडॅम येथे हॉकीत आपल्या संघास सुवर्णपदक मिळाले. त्या संघाचे कर्णधार जयपाल सिंह हे छोटा नागपुरातील मुंडा जातीचे आदिवासी ख्रिस्ती. रांचीच्या मिशन शाळेतील एका पाळकाने त्यांचा गुण हेरून त्यांस पुढे शिकविले होते. डोंगरातील वाडीवर जन्मलेल्या मुलात काय असेल हे आधी सांगता येत नाही. कोणी तरी पाहणारा पाहिजे.

1924 हे वर्ष दोराबजींच्या कसोटीचे ठरले. पोलादाच्या कारखान्यात कामगारांस पगार देण्यास पैसा उरला नाही. तेव्हा त्यांनी आपली सर्व खासगी मालमत्ता व पत्नीचे दागिनेसुद्धा बँकेत गहाण ठेवून पैसा उभा केला, व कारखाना वाचला. त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांनी या कामी पतीस साथ दिली. त्या स्वतः साडी नेसून टेनिस खेळत व त्यांत बक्षिसे मिळवीत. बालविवाहाविरुद्ध व स्त्रीशिक्षणाकरिताही त्या झटल्या.

चरित्र लिहिणाऱ्याने एकच बाजू सांगू नये. ज्या कंपनीचे दोराबजी प्रमुख होते, तिने मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरविले तेव्हा तेथील मावळ्यांच्या जमिनी व घरे पाण्याखाली जाण्याची वेळ आली. 1921 साली सेनापती बापट यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व पुष्कळांनी तुरुंगवास सोसला. तथापि धरण झाले, गावे बुडाली, व त्या पाण्यावर आमच्याच जिल्ह्यातील भिरा येथील वीजघर 1927 साली सुरू झाले. शर्यतीच्या मैदानावर शेतकऱ्याच्या पायांचे मोल ज्यांस कळले, त्यांच्या कंपनीस शेतकऱ्याच्या जमिनीचे मोल तितके कळले नाही, हे आम्हांस सखेद लिहावे लागते. मोठ्या मनुष्याची दृष्टीही सर्व दिशांस सारखी पोहोचत नाही.

1931 साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. उभयतांस मूलबाळ नव्हते. 1932 साली दोराबजींनी आपली सर्व संपत्ती, जात, धर्म व प्रांत हा भेद न करिता लोककल्याणाकरिता ट्रस्ट करून दिली. नंतर पत्नीच्या कबरीचे दर्शन घेण्याकरिता ते इंग्लंडास निघाले असता वाटेत जर्मनीत किसिंगेन येथे 3 जून 1932 रोजी त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडात ब्रुकवुड येथे पत्नीशेजारी त्यांस पुरले आहे. त्यांच्याच ट्रस्टच्या पैशाने परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथे आजही गोरगरीब कर्करोग्यांवर उपचार होतात.

प्रिय बंधुभगिनींनो, दोराबजी आमच्या धर्माचे नव्हते. तरी ज्यास जे सोपविले त्याचा त्याने हिशेब द्यावा, हा प्रभूने रुपयांच्या दाखल्यात शिकविलेला धडा त्यांच्या चरित्रात वाचता येतो. पौल प्रेषितानेही करिंथ येथील मंडळीस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला घेतला. त्या शहराजवळ मोठे सामने भरत, म्हणून ऐकणाऱ्यांस तो लगेच समजला. धावणारा सर्व गोष्टींत संयम पाळतो व निशाण ठरवून धावतो, यावर प्रेषिताचा भर आहे.

जे तरुण व तरुणी धावतात त्यांनी या संयमाचा व्यवहारातील अर्थ समजून घ्यावा. पहिल्याच आठवड्यात पुष्कळ अंतर धावून पाय दुखवून घेऊ नये. अंतर थोडथोडे वाढवावे. रोज सारख्या जोराने धावू नये. एक दिवस जोराचा झाला तर दुसरा हलका असावा. आरंभीच सर्व दम खर्च करून शेवटी चालत येण्यापेक्षा पहिल्या मैलापासून चाल सारखी ठेवावी. अंतर मोजून घ्यावे व वेळ वहीत लिहावा, म्हणजे आपण सुधारतो की नाही हे समजेल. पोटभर साधे अन्न व पुरी झोप घ्यावी, आणि दारू व तंबाखू यांपासून दूर राहावे. सातवा दिवस विश्रांतीचा असू द्यावा. शरीर श्रमाने थकते व विश्रांतीत बळकट होते, म्हणून प्रभूच्या दिवशी उपासनेस जाणाऱ्याचा वेग कमी होईल अशी भीती नको. स्कॉटलंडचे एरिक लिडेल यांनी 1924 साली पॅरिसला रविवारची शर्यत सोडली व निराळ्या दिवशी झालेल्या 400 मीटरच्या शर्यतीत 47.6 सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पुढे ते चीनमध्ये मिशनरी झाले व 1945 साली तेथेच नजरकैदेत वारले.

उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडिलांस आमची वेगळी विनंती आहे. तुमच्या वाडीवर एखादा ठाकराचा अथवा कातकऱ्याचा मुलगा डोंगर चढून शाळेस येत असेल. एखादी मुलगी पाण्याचा हंडा घेऊन ज्या चढाने वर येते त्या चढावर दुसऱ्याचा दम लागत असेल. त्यांच्याकडे पाहा. कोणाचा गुण पायांत असेल, कोणाचा गळ्यात, कोणाचा हिशेबात. दोराबजींपाशी धन होते, ते तुम्हांपाशी नाही. परंतु पाहण्यास धन लागत नाही. एक घड्याळ, मोजलेला एक रस्ता व आठवड्यातून एका सकाळी तुमची उपस्थिती, एवढ्याने आरंभ होतो. घाटावरून पाणी युगानुयुगे समुद्रास वाहून जात होते. कोणी ते अडवून नळांत घेतले तेव्हा त्याचा उजेड झाला. देवाने आमच्या लेकरांत घातलेले बळही असेच वाहून जात आहे काय, याचा विचार प्रत्येक मंडळीने येत्या सभेत करावा.