पेशवे बाळाजी विश्वनाथ भट

पोटापाण्यासाठी गाव सोडून डोंबिवलीत स्थिरावलेल्या ज्ञातिबांधवांनी बाळाजी विश्वनाथांचे चरित्र अवश्य स्मरावे, असे आम्हांस वाटते. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. परंतु सिद्दीच्या जाचामुळे बाळाजींस कोकण सोडून घाटावर यावे लागले. वेळासचे भानू बंधूही त्यांच्यासमवेत निघाले. सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी राहून बाळाजींनी महसुलाच्या कामात लौकिक मिळविला.

इ. स. १७०७ मध्ये शाहू महाराज परतले आणि ताराबाईंच्या पक्षाशी यादवी माजली. मोगलांशी झालेल्या दीर्घ युद्धाने मुलूख आधीच उजाड झाला होता. बाळाजींनी शाहूंचा पक्ष धरून सैन्य उभारले व विस्कटलेली वसुलीची घडी बसविली. १७१३ मध्ये त्यांस पेशवेपद मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी कान्होजी आंग्र्यांस तलवारीने नव्हे, तर सलोख्याने शाहूंकडे वळविले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या मोहिमेत बाळाजी महादेव भानू धारातीर्थी पडले. एप्रिल १७२० मध्ये सासवड येथे पेशव्यांचे देहावसान झाले.

परमुलखात स्वतःचा जम बसताच त्यांनी भानूंकडे फडणिशी सोपविली. सोबत्यांस ते विसरले नाहीत. नव्याने येणाऱ्या बांधवास आधार देताना आपणही हे ध्यानी ठेवावे.