कविवर बनारसीदास : हिशोबाच्या वहीतून आत्मशोधाकडे

‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे कविवर बनारसीदासांचे नाव स्वाध्यायप्रेमी श्रावकांना सुपरिचित आहे. परंतु निश्चय-व्यवहाराची सूक्ष्म चर्चा करणारा हा अध्यात्मकवी आयुष्यभर पेढीवर बसणारा व्यापारी होता, आणि त्या व्यापारात त्याने वारंवार खोट खाल्ली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ‘अर्धकथानक’ हे त्यांचे आत्मचरित्र १६४१ साली पूर्ण झाले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून, ५५ व्या वर्षी लिहिलेली ती अर्धी कथा होय.

श्रीमाळ जैन कुळात १५८६ साली जौनपूर येथे त्यांचा जन्म झाला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. १५९८ मध्ये सुभेदार किलीचखानाने शहरातील जव्हेऱ्यांना कैद करून चाबकाने मारविले, तेव्हा या कुटुंबाला गाव सोडून पळावे लागले. त्या परागंदा अवस्थेतच बालक बनारसीने कवड्यांची विक्री करून पहिली कमाई केली व ती आजीच्या हाती दिली. आजीने कौतुकाने मिठाई वाटली. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र या मुलाची चिंताच अधिक होती. फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे, अशी त्यांची समजूत. आणि बनारसीला तर काव्य, कोश व अलंकार यांची गोडी लागलेली.

तारुण्यात एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला. वर्षभर शौचकूपात बसून गुप्तपणे जप केल्यास दाराशी रोज एक सुवर्णमुद्रा सापडेल, असे आश्वासन होते. बनारसीने वर्ष निष्ठेने पाळले. मुद्रा सापडली नाही. आणखी एक दिवस वाट पाहिली, तरी नाही. आजही अल्पावधीत दामदुप्पट करून देणाऱ्यांच्या दाराशी सुशिक्षितांची रीघ लागते, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या या तरुणाला हसण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. १६०५ मध्ये अकबराच्या निधनाची वार्ता ऐकून ते जिन्यावरून कोसळले व डोक्याला जखम झाली. त्याच वर्षी आपले शृंगारप्रधान काव्य त्यांनी गोमतीत विसर्जित केले व धर्माचरणाकडे वळले.

व्यवहार मात्र एवढ्याने सुधारला नाही. १६१० मध्ये खरगसेनांनी माणिक, नीलम, पाचू, अंगठ्या, वीस मण तूप, तेलाचे बुधले व जौनपुरी कापड असा माल जमविला. त्यात काही पैसा घरचा, काही उसना होता. तो पुत्राच्या स्वाधीन करून त्यांनी त्यास आग्ऱ्याला पाठविले. तेथे कापडात खोट आली. जवाहीर पाहण्यास येणाऱ्यांत भला कोण, बुरा कोण, याची पारख त्यांना नव्हती. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने कोठेतरी गळून पडली; वस्त्रात बांधून ठेवलेली माणके उंदराने नेली; रत्नजडित पहुंची ज्याला विकल्या, त्याचे दिवाळे निघाले. त्यात ज्वराने गाठले. पित्याच्या पत्रांना उत्तर देण्याचे धैर्य होईना. घरातील वस्तू विकून खाता खाता हाती चार टके उरले.

या काळातील कचोरीवाल्याचा प्रसंग मुळातून वाचावा असा आहे. रात्री दहावीस माणसे जमत, बनारसीदास त्यांना मधुमालती व मृगावतीच्या कथा वाचून दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीने कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्यास एकांतात गाठले आणि आपणाजवळ पैसे नाहीत, पुढे उधार देऊ नये, असे स्पष्ट सांगितले. त्या भल्या माणसाने वीस रुपयांपर्यंत उधारी देण्याची तयारी दाखविली व तगादा न करण्याचे वचन दिले. श्रावकाच्या गुणांत न्यायोपात्त धनाला प्रथम स्थान आहे, ते न्याय्यपण दारिद्र्यातही कसे राखावे याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे धर्मदास नामक तरुणाबरोबर पाचशे रुपयांच्या भांडवलावर भागीदारी सुरू झाली, तेव्हा बनारसीदासांनी कचोऱ्यांचे चौदा रुपये चुकते केले.

दोन वर्षांनी भागीदारीचा हिशोब झाला. जेवढी कमाई, तेवढाच खर्च! शिल्लक काही नाही. खैराबादला सासुरवाडीस गेले असता त्यांच्या पत्नीने पतीची स्थिती ओळखली. स्वतःजवळ साठविलेले वीस रुपये तिने त्यांच्या हाती ठेवले आणि आईकडून दोनशे रुपये मिळवून दिले. त्या माउलीच्या काटकसरीवरच त्यांचा व्यापार पुन्हा उभा राहिला. कापडापेक्षा मोत्यांत आपला हात चालतो, हेही अनुभवाने कळले. मित्र नरोत्तमदासांबरोबरची भागीदारी स्नेहाची ठरली. सबलसिंग नामक धनाढ्य सावकाराकडील हिशोब मात्र त्यांच्या विलासी दिनक्रमामुळे दीर्घकाळ रखडला.

पैशाची घडी बसत असताना घर रिते होत होते. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही. आग्ऱ्याच्या अध्यात्म-मंडळीत समयसाराचे वाचन चाले. प्रारंभी केवळ निश्चयाचा आग्रह धरून त्यांनी क्रियाकांडाची उपेक्षा केली; पुढे पंडित रूपचंदांकडून गोम्मटसार ऐकल्यावर दृष्टी स्थिरावली. १६३६ साली ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. हे सर्व व्यापार न सोडता घडले.

आपले धन व घरातील रहस्ये लोकांपासून झाकून ठेवावीत, हा जुना व्यवहारसंकेत त्यांना ठाऊक होता. तो मोडून त्यांनी उधारी, दिवाळखोर गिऱ्हाईक, पत्नीचे वीस रुपये, सारे लिहिले. ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच्या गुणांबरोबर दोषांचीही यादी दिली. अल्प लाभाने फार हर्ष होतो व अल्प हानीने फार चिंता लागते, हा दोष पंचावन्नाव्या वर्षीही गेलेला नाही, अशी नोंद समयसारावर ग्रंथ लिहिणाऱ्या या कवीने त्या यादीत केलेली आहे.