रांजणावर नाव कोरणारा गुलाम

सातारा-सांगलीकडे लोणच्याची चिनीमातीची बरणी घरोघरी असते. ती घडवणाऱ्याचे नाव मात्र कुणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत एका गुलामाने आपले नाव बरणीवरच कोरून ठेवले. तो डेव्हिड ड्रेक, अर्थात डेव्ह कुंभार.

१८०१ च्या सुमारास जन्मलेला डेव्ह साउथ कॅरोलिनातील एजफिल्डच्या भट्ट्यांवर राबला. उत्तरेकडचे कुंभार तापल्या भट्टीत मीठ टाकून बरण्यांना झिलई आणत आणि त्यावर निळ्या रंगात पक्षी, फुले काढत. एजफिल्डची झिलई राखेची होती आणि डेव्हची नक्षी होती अक्षरांची! ओल्या मातीवर तो सही, तारीख आणि कधी दोन ओळींची कविता कोरीत असे.

जुलै १८३४ मध्ये त्याने अशी कविता कोरली. त्याच डिसेंबरात त्या राज्याने गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवणे हा गुन्हा ठरवला. शिकवणाऱ्या गोऱ्याला १०० डॉलरपर्यंत दंड व ६ महिन्यांपर्यंत कैद, गुलामाला ५० पर्यंत फटके. मनुस्मृती काही एकाच देशात नव्हती. मध्ये खंड पडले, पण डेव्ह लिहीत राहिला. १८५७ साली त्याने आपले नातलग कुठे असतील, असा प्रश्न बरणीवर कोरला. माणसे विकून कुटुंबे तोडणाऱ्या व्यवस्थेला तो सवाल होता. १३ मे १८५९ रोजी बॅडलर या दुसऱ्या गुलामासह त्याने सुमारे ४० गॅलनचे, म्हणजे दीडशे लिटरचे, दोन रांजण घडवले.

१८६५ साली गुलामी संपली. १८७० च्या जनगणनेत त्याची नोंद पूर्ण नावाने झाली. तीनच वर्षांनी, मूळच्या कटगुणच्या फुले घराण्यातील महात्मा जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केला.

वकील म्हणून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कायद्याच्या लेखी डेव्ह स्वतःच मालमत्ता होता, म्हणून त्याची बरणी मालकाची ठरली. २०२५ मध्ये बोस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियमने त्याच्या दोन बरण्यांची मालकी वंशजांना परत दिली. हे घडले कारण मातीवर सही होती. आपल्या गावगाड्यात बलुतेदारांनी पिढ्यान् पिढ्या राबून जे घडवले, त्यावर कुणाची सही आहे? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव नोंदले गेले. त्या नोंदीचे मोल डेव्हला नक्की कळले असते.