रक्तपट्टिकांचे काम पाहणारे ज्युलियो बिझोझेरो

घरात कुणाला डेंग्यू झाला की सकाळ-संध्याकाळ एकच चौकशी होते : प्लेटलेट किती? निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या रक्तपट्टिका सुमारे दीड ते साडेचार लाख असतात, हे आपल्या आईवडिलांनाही आता पाठ झाले आहे. त्यांचे काम ज्यांनी जिवंत रक्तात प्रथम पाहिले, त्या ज्युलियो बिझोझेरो यांची ओळख आज करून घ्या.

त्यांचा जन्म २० मार्च १८४६ रोजी उत्तर इटलीतील वारेझे येथे झाला. विसाव्या वर्षी पाव्हिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, बाविसाव्या वर्षी अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात हा शोध, आणि सत्ताविशीच्या सुमारास तुरिन विद्यापीठात प्राध्यापकपद! पाव्हियात त्यांच्या हाताखाली शिकलेले कामिल्लो गोल्जी गुरूपेक्षा तीन वर्षांनी मोठे होते. त्यांना पुढे १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (धाकट्याकडून शिकण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

हे बारीक कण इतरांनाही दिसले होते. जर्मनीच्या माक्स शुल्त्से यांनी १८६५ साली त्यांचे वर्णनही केले होते. परंतु शरीराबाहेर काढलेल्या रक्तात ते क्षणात एकमेकांना चिकटतात व त्यांचा आकार बिघडतो. म्हणून कित्येकांना तो फुटलेल्या पेशींचा कचरा वाटे. बिझोझेरो यांनी रक्त बाहेर काढलेच नाही. ससा व गिनीपिग यांच्या आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. वाहिनी शाबूत असेतो हे कण तबकडीसारखे सुटे सुटे वाहत जात. तिला इजा होताच तेथे सर्वांआधी तेच येऊन चिकटत. १८८१-८२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

तोच कण एकदा शांत आणि एकदा चिकट, हे कसे? उलगडा व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. वाहिनीचे निरोगी अस्तर प्रोस्टासायक्लिन (हे १९७६ साली सापडले) व नायट्रिक ऑक्साइड सोडते. ते रक्तपट्टिकेला आवरून धरतात. अस्तर फाटले की खालचे कोलॅजेन उघडे पडते. त्याचा स्पर्श होताच पट्टिका गोल होते, तिला काटे फुटतात, आणि ए.डी.पी. व थ्रॉम्बॉक्सेन सोडून ती शेजारणींनाही जागे करते. थ्रॉम्बिनही तिला असेच चेतवते. जखम बंद होते ती अशी. मात्र हृदयाच्या धमनीतील चरबीचा थर फाटला तरी पट्टिका हेच करतात. त्यांना बोट आणि हृदय यांतला फरक कळत नाही! धमनी बुजते, हृदयविकाराचा झटका येतो. अशा रुग्णांना डॉक्टर ॲस्पिरिन देतात, कारण ती थ्रॉम्बॉक्सेन बनू देत नाही. पट्टिकेला केंद्रक नसल्याने ही उणीव तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात भरून निघत नाही. म्हणून, पालकहो, डेंग्यूची शंका असलेल्या तापात आपल्या मनाने ॲस्पिरिन कधीही देऊ नका. आधीच घटलेल्या पट्टिका ती आणखी निकामी करते, आणि रक्तस्राव थांबेनासा होतो.

बिझोझेरो यांना यातले काही कळायचे नव्हते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना सूक्ष्मदर्शक सोडावा लागला, तेव्हा ते सार्वजनिक आरोग्याच्या कामाला लागले. १८९० साली ते सिनेटर झाले. ८ एप्रिल १९०१ रोजी तुरिन येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अस्थिमज्जेतील अवाढव्य पेशी त्यांनी तरुणपणीच पाहिल्या होत्या. रक्तपट्टिका त्या पेशींपासूनच सुटून निघतात, हे अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली दाखवले.