कैलासम् यांचे विनोदगीत
कन्नड प्रहसनाचे प्रवर्तक टी. पी. कैलासम् (१८८४-१९४६) यांची मातृभाषा तमिळ. लंडनला भूगर्भशास्त्र शिकून आल्यावर मैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातील नोकरी त्यांनी सोडली व रंगभूमीला वाहून घेतले. १९१२ चे 'टिपरेरी' हे गीत पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांच्या तोंडी होते. कैलासम् यांनी त्याचे 'तिप्पारहळ्ळी' केले. नावाच्या ध्वनिसाम्याने प्रथम हसू येते. पण त्यातील ग्राम्य बोली नंजनगूड-मैसूरकडील श्रोत्याला परकी नव्हती, आणि दूर राहिलेल्या गावाची ओढ तर सर्वांचीच. म्हणूनच विडंबन मुळावाचूनही टिकले. १९४५ साली मद्रासच्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कर्णावरील त्यांचे गंभीर इंग्रजी नाटक मुख्यतः अभ्यासकांनी जपले. गमतीचे गाणे लोकांनी.